मदत हवी आहे : 'छ 4 रजब, समान अशर' म्हणजे नेमका कोणता दिवस?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं माळवदाचं घर उतरवताना तुळईच्या बेचक्यात पत्र्याची नळी सापडली. आत एकच मोडी कागद. कडेला वाळवी लागलीय, मधला भाग शाबूत. ओळखीतल्या एका काकांनी एवढं लावून दिलं: 'मु॥ कसबे सोलापूर', जोंधळे दोन मण उसने दिले, मृग निघाल्यावर परत घ्यावे. तारीख 'छ 4 रजब, सन समान अशर मयातैन व अलफ'. 'समान' म्हणजे सारखं असं समजून मी दोन दिवस डोकं फोडून घेतलं. हा दिवस कोणता, आणि तेव्हा गावात काय चाललं होतं? आत्या म्हणते, 'गोऱ्यांच्या वेळचं असंल.' गोऱ्यांची वेळ तर दीडशे वर्षांची!

प्रतिसाद : ही अरबी आकड्यांची गंमत आहे. समान 8, अशर 10, मयातैन 200, अलफ 1000. झाले 1218, हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारी वर्षगणना. तो मृगाला बदलतो, म्हणून जानेवारी ते मृग यांत 600 मिळवायचे: 1818. छ म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख. त्या वर्षीचा 4 रजब येतो 10 मे 1818 ला, शके 1740, वैशाख शुद्ध पंचमी, रविवार.

आता खुर्ची धरून बसा. त्याच रविवारी इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने सोलापूरची पेठ घेतली. फेब्रुवारीत, 20 तारखेला, आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले लढाईत पडले. दुसरा बाजीराव पेशवा पुढे पळत राहिला. त्याचं पायदळ आणि तोफा गणपतराव पानसे यांच्या हाताखाली सोलापूरच्या किल्ल्याजवळ होत्या. मन्रो 9 मे ला समोर येऊन ठेपला. दुसऱ्या दिवशी पहाटे पेठेच्या तटाला शिड्या लागल्या. पानसे जखमी झाले, फौज सीनेच्या बाजूला निघाली आणि मागे घोडदळ लागलं. किल्ला 15 मे ला खाली झाला, बाजीराव 3 जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन.

धागाकर्ता : अंगावर काटा आला हो. म्हणजे तटाला शिड्या लागल्या त्या दिवशी आमच्या पेठेत कुणीतरी बसून दोन मण जोंधळ्याची चिठ्ठी लिहीत होतं? की तारीख नंतर टाकली असेल?

प्रतिसाद : तारीख वेगळ्या शाईची दिसते का, ते बघा. एकच शाई असेल तर मी तरी खरं मानेन. लढाई झाली म्हणून पोटाची सोय थांबते थोडीच, आणि वैशाखात घरातलं धान्य संपतच आलेलं असतं. कागद उगाच हाताळू नका. कोरड्या हाताने सपाट पुठ्ठ्यावर ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घालू नका आणि उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो टाका. पाठीमागे साक्षीची ओळ असेल तर तीच आधी.

धागाकर्ता : पाठीमागे आहे एक ओळ! 'साक्ष' वाचता येतंय, पुढचं वाळवीने खाल्लंय. फोटो संध्याकाळी टाकतो, दिवसा इथे लाईट नाही.