पगार निम्मा आणि मॅचचं तिकीट पूर्ण? (कोल्हापूर फुटबॉल)

शिफ्ट_बी

मंडळी राग येईल काहींना पण बोलतोच. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, मोल्डिंगला. दिवाळीपासनं आमच्या शॉपमधला ओव्हरटाइम बंद, आठवड्यातनं दोन-दोन दिवस बसवतात आणि बसवलेल्या दिवसाचा पगार नाही. आता मोकळा दिवस म्हटल्यावर पेठेतला माणूस जाणार कुठं, दुपारी शाहू स्टेडियमला. मी, दोन पोरं आणि भाचा. समजा तिकीट 40 रुपये धरा, चौघांचे 160, वर शेंगदाणे-पाणी आणि गाडीत तेल, म्हणजे एका दुपारचे दोनशेच्या वर गेले. आपल्या टीमच्या महिन्यात पाच मॅच झाल्या तर हजार. हजारात माझ्या घरात गॅस येतो आणि वर सुट्टे उरतात.

आता मला सांगा, ही काय आयपीएल हाय का. खेळणारी पोरं आपल्याच गल्लीतली, कोण बँकेत शिपाई, कोण वडलांच्या दुकानात, कोण कॉलेजला. हौशी खेळ हाय म्हणता ना, मग बघणाऱ्याची हौस पण जरा बघा की. कायम फुकट करा म्हणत नाही. पण बाजार असा पडलाय तवर तरी तिकीट निम्मं करा, नायतर शाळेच्या पोरांना सोडा आत.

पॉपकॉर्न_नको

भावा सॉरी पण पटलं नाही. पोरांना घेऊन मल्टिप्लेक्सला गेलास तर एका पॉपकॉर्नला किती देतोस? तिथं कोण धागा काढत नाही. लोकल खेळाडूला 40 रुपये द्यायचे म्हटलं की लगेच मंदी आठवते. आणि त्या तिकिटात सरकारचा टॅक्स पण असतोय, मंडळाच्या हातात काय उरतंय.

हिशेबनीस

टॅक्सचं तेवढं दुरुस्त करतो. खेळाच्या सामन्याचं तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. पूर्वी करमणूक कर होता तो 2017 ला जीएसटी आल्यावर त्यात गेला. आयपीएलवर 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झालाय. आपल्या गॅलरीच्या तिकिटात सरकारला एक रुपया जात नाही, तेव्हा ते कारण सांगू नका. गेटवर जमा होतं ते सगळं आयोजकांकडंच.

शिफ्ट_बी

@पॉपकॉर्न_नको मल्टिप्लेक्सला मी शेवटचा कधी गेलो मला आठवत नाही. ज्याला परवडत नाही तो तिथं पण जात नाही, ओरडत पण नाही, कारण ते त्याचं नाहीच. स्टेडियम आपलं वाटतंय म्हणून तर बोलतोय.

चुना_आणि_शिट्टी

मी बरीच वर्षं रेफ्री म्हणून पळलोय, आता गुडघे गेले. दोन बाजू ऐकून घ्या मग शिव्या द्या.

मॅच दोन तासाची दिसते पण सकाळपासनं मैदानावर माणसं असतात. पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी बांधायची. चार ऑफिशियल, त्यांचं मानधन (हसण्यासारखं असतं पण असतं). ॲम्ब्युलन्स उभी करायची. पोलीस बंदोबस्त. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की बंदोबस्त डबल, आणि त्याला कारण कोण, आपणच, गॅलरीतले. बाटल्या फेकणारे वेगळ्या गावचे नसतात. हे पैसे कुठून आणायचे? गेटवरनं येतात ते तेवढेच हक्काचे, बाकी सगळं कुणाच्या तरी दारात जाऊन मागायचं.

दुसरं म्हणजे तिकीट असलं की आत किती माणूस आहे ते कळतं. गेट मोकळं सोडलं आणि फायनलला सगळं शहर आत आलं तर चेंगराचेंगरीची जबाबदारी कोण घेणार, शिफ्ट_बी साहेब तुम्ही?

गॅलरीतला_गण्या

माणूस मोजायला तिकीट लागत नाही काका, मोजायला पास पण चालतो, फुकटचा पास.

आणि पैशाचं बोलायचं तर मग सगळंच बोलू. चषकाचं बक्षीस लाखात, बोर्डावर नेत्याचा फोटो खेळाडूपेक्षा मोठा, बाहेरनं आणलेले प्लेअर, नायजेरियाचे, गोव्याचे, कोलकात्याचे, त्यांचं राहणं-खाणं-मानधन. ते सगळं जमतंय आणि गेटवर सहावीतल्या पोराकडनं पैसे घेतल्याशिवाय जमत नाही? हौशी म्हणायचं असेल तर हौशी ठेवा, नाहीतर सरळ प्रोफेशनल म्हणा मग आम्ही पण गिऱ्हाईक म्हणून बोलू. बसायला नीट जागा द्या, ऊन लागतंय छप्पर द्या, रिफंड द्या राडा होऊन मॅच थांबली तर.

माजी_लेफ्ट_बॅक

गण्या, बाहेरच्या खेळाडूंवर बोलणं सोपं आहे. ते आले म्हणून इथल्या पोरांना कळलं पास किती वेगात येतो. पण ते असू दे.

मी स्वतःचं सांगतो, मंडळाचं नाव घेत नाही. सात सीझन खेळलो. महिन्याचा पगार असा कधी मिळाला नाही, मिळालं ते बूट, किट, मॅचनंतर अंडी-केळी आणि जिंकलो तर गल्लीत मिरवणूक. तेविसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनचा खर्च ऐकून आई खालीच बसली. मंडळानं वर्गणी काढली, पेठेतल्या दुकानदारांनी दिली, आणि एका मॅचच्या गेटमधनं थोडे पैसे माझ्यासाठी बाजूला काढले. थोडेच होते पण ते आले तेव्हा वाटलं की गॅलरीनं दिलेत. तुम्ही तिकीट काढता ते असं कुठंतरी पोचतं. म्हणून मला तिकीट बंद करा म्हटलं की बरं वाटत नाही, हे भावनेचं आहे, कबूल.

गॅलरीतला_गण्या

दादा तुमच्या गुडघ्यासाठी मी आज पण देईन. पण एका मॅचचं सांगताय ना? बाकीच्या मॅचच्या गेटचं काय झालं ते तुम्हाला तरी कधी कळलं का?

माजी_लेफ्ट_बॅक

नाही.

रंकाळ्याचा_फेरफटका

थोडं जुनं बोलतो, वय झालं की चालतं म्हणतात. 2019 आठवा. त्या वर्षी गाड्यांचा बाजार पडलेला, त्यांचे पार्ट ओतणाऱ्या फाउंड्र्या अर्ध्या चालत होत्या, आणि त्यावर ऑगस्टात पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही, आणि बाहेर बघावं तर सगळीकडं पाणीच. आमच्या नात्यातल्या एका घरात पाणी माळ्यापर्यंत होतं. त्यातनं सावरतोय तोवर मार्चात लॉकडाऊन, मैदानाला कुलूप.

या मधल्या महिन्यांत मी जितक्या मॅच बघितल्या तितक्या आयुष्यात बघितल्या नसतील. घरात बसून भिंतीवरची पाण्याची रेघ बघण्यापेक्षा तिथं बसून ओरडलेलं बरं वाटायचं. तिकीट काढूनच गेलो, कारण मला पेन्शन आहे. शेजारचा रिक्षावाला मात्र गेटच्या बाहेर उभा राहून आतला आवाज ऐकायचा, गोल कुणी केला ते आवाजावरून सांगायचा आणि बऱ्याचदा बरोबर सांगायचा. तेव्हा तिकीट असावं की नसावं हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही. तिकीट असावं, पण त्या रिक्षावाल्यासाठी एक फट असावी. आम्ही लहान असताना हाफ टाइमनंतर गेटवरचा माणूस विडी ओढायला जायचा, म्हणजे मुद्दामच जायचा, आणि आम्ही आत. त्याला कुणी योजना म्हणत नव्हतं.

चुना_आणि_शिट्टी

रंकाळा काका, हाफ टाइमला गेट सोडलं की पुढच्या मॅचपासनं निम्मं गाव हाफ टाइमलाच येणार. आपली माणसं ओळखतो मी.

कोझिकोडवरून_कोल्हापुरी

नोकरीनिमित्त केरळात असतो, इकडचं सांगतो. मलबारात सेव्हन्स फुटबॉल म्हणून प्रकार आहे, सात-सात जणांचा. भात कापून झाला की मोकळ्या शेतात सुद्धा मैदान तयार, बांबू-सुपारीच्या लाकडाच्या गॅलऱ्या, रात्री लाईट लावून मॅच. आफ्रिकेतले खेळाडू इथं पण भरपूर. सगळं तिकिटावर चालतं, आणि लोक मजुरीवरून सरळ येतात. बऱ्याच ठिकाणी गेटचे पैसे गावातल्या आजारी माणसाला नाहीतर कुठल्यातरी सार्वजनिक कामाला जातात आणि ते आधी जाहीर केलेलं असतं, त्यामुळं तिकिटावरून कुरकुर मी तरी ऐकली नाही.

पण फक्त गोडच सांगत नाही. 2022 ला मलप्पुरम जिल्ह्यात अशीच तात्पुरती गॅलरी मॅच चालू असताना कोसळली, भरपूर लोक जखमी झाले. तिकीट होतं म्हणून गर्दी आवाक्यात राहते हे चुना काकांचं म्हणणं तिथं खोटं पडलं. तिकीट विकत राहिले आणि माणसं चढवत राहिले. म्हणजे सेफ्टी तिकिटानं येत नाही, किती विकायची ते ठरवून तिथंच थांबण्यानं येते.

पेठेतली_ताई

सगळे पुरुषच बोलताय म्हणून मधे येते. मी आणि माझी बहीण मॅच बघतो, लहानपणापासनं. घरात पैसे कमी पडायला लागले की पहिली काट कुणावर बसते माहितीये? बाप जातो, थोरला मुलगा जातो, आणि मुलीला म्हणतात तू यूट्यूबवर लाइव्ह बघ की. आता लाइव्ह येतं म्हणून तर हे अजून सोपं झालंय. शिफ्ट_बी दादा, तुमच्या चौघांत मुलगी कुठं दिसली नाही मला. भांडायला नाही, विचारते फक्त.

बाकी बायकांना फुकट सोडा असं मी म्हणणार नाही. तिकीट घ्या पण आपल्याकडच्या मैदानांवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह असू दे, मी कौतुकानं दहा रुपये जास्त देईन.

शिफ्ट_बी

ताई बरोबर पकडलं. मला मुलगी नाही, पण बायकोला मॅच आवडते आणि ती दोन वर्षं आली नाही. तिनं स्वतःच म्हटलं तुम्ही जा. मी पण लगेच हो म्हटलं. आता वाईट वाटतंय.

पॉपकॉर्न_नको

बर मी जरा मऊ होतो. पण मला एक भीती आहे. एकदा फुकट केलं की परत तिकीट लावता येत नाही. मंदी संपली हे कोण ठरवणार? फाउंड्री सुरू झाली तर उसाचं बिल अडकलेलं असतं (कायद्यात 14 दिवसांत द्यायचं लिहिलंय, आमच्या वडलांना विचारा किती दिवसांत येतं). आपल्याकडं कायम कुणाचं तरी काहीतरी अडकलेलंच असतंय.

हिशेबनीस

म्हणून फुकट नको, पास काढा. पूर्ण सीझनचा एक पास, फोटो लावलेला, पैसे दोन हप्त्यांत, पगार झाल्यावर. रोज येणाऱ्याला मॅचमागं निम्म्यात पडेल आणि आयोजकाला सुरुवातीलाच रोख हातात. फायनलला एकदाच येणारा हौशा-गौशा-नवशा पूर्ण तिकीट काढेल, त्याला परवडतं. आत्ता उलटं आहे, जो रोज येतो त्यालाच सगळ्यात जास्त भुर्दंड. आणि सीझन संपला की गेट किती झालं आणि गेलं कुठं हे एका कागदावर लिहून स्टेडियमच्या बाहेर चिकटवा. गणेश मंडळं वर्गणीचा हिशेब बोर्डावर लावतात, यात काय अवघड आहे.

चुना_आणि_शिट्टी

पासवर फोटो असला तरी गेटवर गर्दीत फोटो कोण बघतंय, एक पास पाच जण फिरवणार. आणि सीझनमध्ये सामने पुढं ढकलले, बंदच पडले, तर पासवाले परत पैसे मागणार, ते कोण देणार. हिशेबाचा बोर्ड मात्र मला मान्य, त्याची भीती ज्याला आहे त्यालाच आहे.

गॅलरीतला_गण्या

काका बोर्डाला हो म्हणाले, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

माजी_लेफ्ट_बॅक

मी एक मुद्दा मांडतो. इथला अनिकेत जाधव 2017 ला भारताकडनं अंडर-17 वर्ल्ड कप खेळला. अशी पोरं तयार होतात ती आधी गॅलरीत बसून. शाळेतलं पोर तिकिटाला पैसे नाहीत म्हणून बाहेर राहिलं तर नुकसान गेटचं नाही, पुढच्या लेफ्ट बॅकचं आहे. मोठ्यांचं तिकीट ठेवा, मंदी असो नसो. पोरांना सोडा.

चुना_आणि_शिट्टी

हे मला पण पटतंय. माझ्या ओळखीचे एक-दोघं आहेत आयोजनात, बोलून बघतो. शाळेचं ओळखपत्र दाखवलं की दहावीपर्यंतची पोरं फुकट, फायनल सोडून. मोठ्यांना एक रुपया माफ नाही, ते डोक्यातनं काढा.

शिफ्ट_बी

चालतंय काका. पण धाकट्याचं ओळखपत्र जूनमध्येच हरवलंय, नवीन करायला शाळा पैसे मागते.

चुना_आणि_शिट्टी

मग युनिफॉर्मवर आण.

शिफ्ट_बी

युनिफॉर्मवर? तिथल्या पायऱ्यांवर बसून पांढरी चड्डी घरी नेली तर बायको मला रेड कार्ड दाखवेल.

पेठेतली_ताई

तिला पण घेऊन या मग, चड्डीकडं तीच बघेल. तिचं तिकीट मात्र तुम्ही काढायचं.