खाटेमागचा खर्च: तुलना कशाची, कुणाशी?
एक सूचना अशी आहे की कोकणातल्या छोट्या धर्मादाय रुग्णालयांनी खाटेमागचा खर्च पुण्यातल्या रुग्णालयांशी ताडून पाहावा आणि जास्त दिसेल तिथे कात्री लावावी. तुलना हवीच, पण अशी सरसकट केली तर कात्री नको तिथेच लागेल.

सर्पदंशाचंच घ्या. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच प्रतिविषाच्या ८ ते १० कुप्या लागतात. भातलावणीच्या दिवसांत साठा हाताशी ठेवावाच लागतो. शहरी मापानं तो पडून राहिलेला माल दिसतो. वीज गेली तर लागणाऱ्या जनरेटरच्या डिझेलचंही तेच. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या संसर्गाचे रुग्णही पावसातच वाढतात. म्हणून भरलेल्या खाटांची वार्षिक सरासरी काढून नर्सेसची संख्या ठरवणं मला धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा यंदाचा ऑगस्ट गेल्या वर्षीच्या ऑगस्टशी लावून बघा.

डायलिसिसचं मात्र वेगळं आहे. साधारण चार तासांचं सत्र, चिपळूण असो वा कोल्हापूर, प्रक्रिया सारखीच. इथे एका सत्राचा खर्च आजूबाजूच्या रुग्णालयांशी जरूर ताडा. फरक निघाला तर डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा) खरेदी दर, आरओ पाण्याची देखभाल, मशीन किती वेळ रिकामं असतं, हे एकेक तपासता येतं.

आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतून उपचाराचे पैसे मिळवण्याचे दावे! पॅकेजचा दर ठरलेला, आपल्या हातात उरतं ते कागदपत्रं पूर्ण आणि वेळेत पाठवणं. किती दावे परत आले, पैसे किती दिवसांनी जमा झाले, हे दर महिन्याला मांडलं तर नव्या मशीनच्या कर्जाचा हप्ता झेपेल का, हेही त्यातूनच कळतं.