‘ओडिसी’ला रटाळ म्हणणाऱ्यांना

उद्यमनगरकर
काल इथं एकानं लिहिलं : ‘२००१ : अ स्पेस ओडिसी मोबाईलवर बघितला. सुरुवातीला नुसती माकडं, मग गाण्यावर गिरक्या घेणारी यानं. झोप लागली. म्हाताऱ्यांनी उगाच डोक्यावर घेतलाय.’ रात्रभर ते मनातून जाईना.

मी हा सिनेमा पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या घरी कॅसेटवर बघितला. सोबत वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, इंग्रजीचा गंध नाही. यानातलं ते गोल दालन आलं. एकजण जेवतोय, दुसरा शिडीनं उतरून गोलाईवरनं चालत त्याच्याजवळ येतो. वडील पुढं सरकले. म्हणाले, “अख्खं चाकच फिरवलंय रं. चालणारा तळालाच हाय.” लय वर्षांनी वाचलं, तसंच होतं. ३८ फूट व्यासाचं, तीसेक टनांचं चाक खरोखर बांधलेलं, आणि जेवणाऱ्याला खुर्चीला बांधून उलटा टांगलेला. साल १९६८. माणूस चंद्रावर उतरायला अजून वर्ष होतं.

पहिली पंचवीस मिनिटं एक शब्द नाही, म्हणूनच वडिलांना तो आपला वाटला. यानाबाहेर हवा नाही म्हणून आवाज नाही. ऐकू येतो तो फक्त हेल्मेटमधला श्वास. हे घाईनं दाखवलं असतं तर खोटं झालं असतं. असला सिनेमा मोबाईलवर बघू नये.

नववी गल्ली
ते लिहिणारा मीच. काका, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण चाक भारी म्हणून सिनेमा भारी होत नाही. बारा तासांची शिफ्ट करून आलो की मला गोष्ट पाहिजे. आणि मोबाईलवर बघू नको म्हणता, मग बघू कुठं? आमच्या पेठेतलं टॉकीज पाडून तिथं पार्किंग झालंय.

मास्तर
विज्ञान अचूक आहे हे कौतुक जरा आवरा. अंतराळात वजन जाणवावं म्हणून ते चाक फिरतं, पण ३८ फुटांच्या चाकात चंद्राइतकं वजन जाणवायचं तरी ते मिनिटाला पाच वेळा फिरवायला लागेल. माणसाचं डोकं गरगरेल. चंद्राकडं जाणाऱ्या यानात नळीतलं अन्न परत खाली घसरतं, वजनच नाही तर घसरलं कसं? आणि निर्वातात उडी घेताना अंतराळवीर दम धरतो, फुप्फुसं फाटतील. चोवीस वर्षं फिजिक्स शिकवलंय, पोरं हेच खरं मानतात.

उद्यमनगरकर
नळीचं मान्य. दम धरायचंही मान्य. पण बाकी सिनेमांत निर्वातात स्फोटांचे धडाके ऐकू येतात, त्यावर तुम्ही असं कधी लिहिलेलं मला दिसलं नाही.

खरी कॉर्नर
‘ओडिसी’ जिथं झाला त्या लंडनजवळच्या स्टुडिओचं कौतुक चाललंय, आणि बाबूराव पेंटरांचं नावसुद्धा नाही! पडदे रंगवणाऱ्या माणसानं याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’ सिनेमातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कात्री लावली. जयंत नारळीकरांचा जन्म इथलाच, १९३८ चा. तरी विज्ञानपट म्हटलं की आपण बाहेर बघतो. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ ला इथं उभी राहिली आणि १९३३ ला पुण्यानं नेली. तिथंच सगळं गेलं.

कर्वेनगरातला कोल्हापूरकर
कुणी नेली नाही, ती आपणहून गेली. पोटापाण्यासाठी मीपण पुण्यात आलोय, मला काय पळवून आणलंय का?

खरी कॉर्नर
गेलेल्यांनी राहिलेल्यांना शिकवू नये. माझे आजोबा स्टुडिओत सुतार होते. कामं थांबली तेव्हा घरात काय शिजायचं ते मला विचारा.

कर्वेनगरातला कोल्हापूरकर
भावा, आजोबांवर मी बोललोच नाही. पण दर चर्चेत पुण्याला शिव्या घालून एक तरी टॉकीज वाचलं का? वाचवायची वेळ होती तेव्हा तुम्ही किती तिकिटं काढलीत?

खरी कॉर्नर
दर शुक्रवारी काढलंय. शेवटच्या आठवड्यात आम्ही अकराजण होतो. मोजलेत मी.

मास्तर
मूळ विषय राहिला बाजूला. पण पेंटरांचं खरं आहे. ‘ओडिसी’तही सगळं हातानंच केलेलं, मॉडेलं काय, रंगवलेलं काम काय. तेवढ्यापुरतं उद्यमनगरकरांचं बरोबर. चाकाचे फेरे मात्र चुकलेलेच आहेत.

नववी गल्ली
काल रात्री शेवटचा भाग परत बघितला. भांडायला मुद्दे मिळतील म्हणूनच. यानातल्या हॅल या कॉम्प्युटरची स्मृती एकेक करून काढतात, आवाज जड होत जातो, आणि शेवटी त्याला अगदी सुरुवातीला शिकवलेलं गाणं तो म्हणतो. माझ्या आज्जीला शेवटी आमची नावं आठवत नव्हती. जात्यावरच्या ओव्या तेवढ्या यायच्या, त्यापण अर्ध्याच. मी मोबाईल बंद करून बसून राहिलो.

माकडांचा भाग मला अजून लांबलेलाच वाटतो, ते मी मागं घेत नाही. ‘म्हाताऱ्यांनी’ हा शब्द घेतो.

उद्यमनगरकर
माझ्याकडं आता मोठा पडदा आहे. रविवारी सहाला ये. पहिल्यापासून लावणार.