ओलावा कळतो, कचरा नाही
ओला, सुका आणि धातूचा कचरा आपोआप तीन कप्प्यांत टाकणारा डबा बनवायचा, तर ओला-सुका वेगळा करायला ओलाव्याचा एक सेन्सर पुरेल असं वाटतं, पण गोची तिथेच आहे. भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या लेखी ‘ओली’ आणि वाळकं पान ‘सुकं’. त्यातून मातीत खुपसायचा दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर घेतलात, तर काटे गंजतात आणि तो वाटेल ते आकडे दाखवायला लागतो. कपॅसिटिव्ह घ्या, म्हणजे उघड्या काट्यांशिवाय, विजेच्या क्षेत्रातल्या बदलावरून ओलावा ओळखणारा.

धातूची तपासणी मात्र सगळ्यात आधी, कारण कपॅसिटिव्ह सेन्सर धातूलाही फसतो. धातू ओळखणाऱ्या इंडक्टिव्ह सेन्सरवर ओळखण्याचं अंतर समजा ४ मिमी लिहिलेलं असलं, तर ते लोखंडासाठी; ॲल्युमिनियमला ते अंतर निम्म्याहूनही कमी भरतं. टाकलेली वस्तू आधी एका झडपेवर पडते; तिथे चेपलेला कॅन जरा तिरका पडला की सुटलाच! झडपेला उतार द्या, म्हणजे वस्तू घसरून सेन्सरला टेकेल.

झडप हलवणारी सर्वो मोटर, कोड वगैरे जमून जातं. खरी पंचाईत आपल्या सवयीची: एकेक वस्तू टाकतो कोण? मूठभर एकदम पडलं की यंत्र गप्प. निदान ‘कळलं नाही’ असा चौथा कप्पा तरी ठेवा.

आणि आवाजाच्या लहरींनी अंतर मोजून डबा भरल्याचं सांगणारा साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर २ सेंमीच्या आत आंधळा असतो, तेव्हा झाकणाखाली तेवढी जागा सोडा.