दोष चहाचा की चटक्याचा?

अन्ननलिकेचा कॅन्सर म्हणजे तंबाखू आणि दारूच, असं सहसा म्हटलं जातं. आपल्याकडे बरंचसं खरं आहे ते. पण इराणच्या गोलेस्तानात हे गणित जुळत नाही. कॅस्पियन समुद्राजवळचा हा प्रांत, तुर्कमेन वस्ती बरीच. दारू नगण्य, बायका सिगारेट क्वचितच ओढतात, तरी १९७० च्या दशकात तिथलं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्यांत होतं. आणि बायकाही जवळपास पुरुषांइतक्याच.

२००४ ते २००८ मध्ये तिथे या कॅन्सरच्या अभ्यासासाठी सुमारे ५०,००० लोकांची नोंद झाली. चहा मोजण्याची रीत मला फार आवडली. 'गरम पिता का?' एवढंच विचारून भागवलं नाही. समोर चहा ओतला, थर्मामीटर ७५ अंशांवर आला की एक घोट घ्यायला लावला. रोज एवढाच गरम का? नाही म्हटलं की ५ अंश उतरू द्यायचा, पुन्हा घोट. ६० अंशांचा किंवा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलीच्या वर पिणाऱ्यांत, त्याहून कमी आणि ६० अंशांखालचा पिणाऱ्यांपेक्षा धोका सुमारे ९० टक्क्यांनी जास्त निघाला. (बशीत ओतून पिणाऱ्या आजोबांना आम्ही हसायचो!)

अर्थात एकटा चहाच नाही. अफूही तिथे बरीच चालते, आणि तिचाही संबंध दिसलाय.