तिची चादर इतक्यात धुऊ नका

परदेशातून दत्तक घ्यायला आलात, पण लेक रात्रभर रडते, जवळ येत नाही असं लिहिलंय, म्हणून सांगते. माझ्या नणंदेनं जर्मनीहून येऊन इथली तीन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. पासपोर्ट येईपर्यंत तिघं आमच्याकडे सोलापुरातच होती. संस्थेतली जुनी सोलापुरी चादर ती सोडेना. मी धुवायला घेतली तर ऊर फुटेस्तोवर रडली. ओळखीचा वास तेवढाच उरला होता हो तिच्याजवळ!

भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं सुरुवातीला तुम्ही दोघांनीच करा. आम्ही सासूबाईंनासुद्धा लांब बसवलं, जिवावर आलं तरी. दत्तक घेतल्यावर मूल कसं रुळतंय याचे अहवाल दोन वर्षं जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. त्यात अडचणी लपवू नका.

दुधात कुस्करलेल्या भाकरीचा पहिला घास तिनं वन्संच्या हातून पाचव्या दिवशी घेतला, चादर मुठीत धरूनच.