'कव्हर' की 'बसवलेलं गाणं'?

रंकाळावेस
आमच्या गल्लीतल्या पोरांचा बँड आहे. जुनी मराठी गाणी नव्या थाटात वाजवतात, लई भारी वाजवतात. पोस्टरवर 'कव्हर्स' छापायचं म्हणतायत. आमचे वडील म्हणाले, कव्हर वहीला घालतात. मी 'पुनर्गायन' सुचवलं तर पोरं हसत सुटली. बरा शब्द आहे का कुणाकडं? आणि रिमिक्स म्हणजे हेच का?

पेटीमास्तर
रिमिक्स वेगळं. त्यात मूळ ध्वनिमुद्रणच घेऊन त्याची नवी जुळणी करतात. कव्हरमध्ये गाणं तेच, पण गळा आणि वाद्यं दुसरी. आपल्याकडं 2000च्या आसपास 'रिमिक्स' म्हणून खपलेली बरीच गाणी नव्यानं गाऊन घेतलेली होती, म्हणून हा घोळ.

'कव्हर' हा शब्द अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या धंद्यातला. एका कंपनीचं गाणं चाललं की दुसरी तेच आपल्या गायकाकडून घाईनं गाऊन घ्यायची. आपल्याला असा शब्द लागलाच नाही. मोठे गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते. त्यांच्याकडच्या बंदिशी त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर गायल्या, मोगूबाई कुर्डीकर गायल्या. त्याला कव्हर म्हणाल का? बंदिश गाण्यासाठीच असते, ताजेपणा बढतीत, म्हणजे गाताना ती फुलवत नेण्यात शोधायचा.

संगीत नाटकात तर उलटाच प्रकार. शब्द नवे, चाल जुनी. 1880च्या 'शाकुंतला'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी लोकांच्या कानावरच्या चाली घेतल्या. आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी 1911च्या 'मानापमाना'ला ठुमरी-गझलेच्या ढंगाच्या चाली दिल्या. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द देत. लपवाछपवी नाही! भजनी मंडळं आजही सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात. तेव्हा 'चालीवर' हा शब्द आधीच अडकलेला आहे, तो कव्हरसाठी वापरू नका.

काळीचार
काका, ऑर्केस्ट्रावाल्यांकडं याला दोन शब्द आहेत आणि दोन्ही रोजच्या वापरातले. 'गाणं उतरवणं' म्हणजे मूळ रेकॉर्डसारखं हुबेहूब करणं, मधल्या म्युझिकच्या पीससकट. 'गाणं बसवणं' म्हणजे आपल्या गळ्याला, आपल्या वाद्यांना जुळेल असं तयार करणं. पोस्टरवर आवाज कुणासारखा ते लिहितात, तिथं उतरवलेलंच लागतं. श्रोता एक हरकत इकडची तिकडं झाली तरी तोंड वाकडं करतो. त्याला मी नावं ठेवत नाही, तेही कसब आहे. पण तीच गाणी वर्षानुवर्षं उतरवत राहिलं की गाणाऱ्यालाच कंटाळा येतो.

बसवताना काय होतं ते सांगते. पुरुषाचं काळी एकमधलं, म्हणजे खालच्या पट्टीतलं गाणं मी काळी चारमध्ये, वरच्या पट्टीत घेते. कीबोर्डवाला बटण दाबून मोकळा होतो, पण बासरीवाल्याला बासरी बदलावी लागते. छोट्या बासरीवर तोच पीस किंचाळल्यासारखा वाटायला लागला, म्हणून आम्ही तो पेटीवर घेतला. पेटीला बासरीसारखी मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणून लय संथ केली आणि स्वर सुटे केले. ढोलकीवाल्यानं लगेच ठेका हलका केला. नवं काही करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. अडचण निघाली, तिच्यातून वाट निघाली. माझ्या मते ताजेपणा बहुतेक वेळा असाच येतो. 'काहीतरी वेगळं करू' म्हणून घुसडलेला रॅप मला ऐकवत नाही.

तांबडापांढरा
ताई, यात आपली बेंजो पार्टी राहिली की! वरातीत शब्द गाणारं कुणी नाही, तरी गल्लीभर लोक गाणं ओळखतात. बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं, स्वर छेडला की लगेच विरतो. लांब स्वर धरायचा तर नखी भराभर फिरवत राहावं लागतं. त्यामुळं संथ भावगीतसुद्धा तिथं थरथरतं. याला कव्हर म्हणायचं का?

पेटीमास्तर
म्हणायला हरकत नाही, पण 'वाजवलं' पुरेसं आहे. कायद्यात मात्र 'कव्हर व्हर्जन' हाच शब्द आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 31सी हे कलम घातलं. पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जाऊ द्यायची, मग आधी कळवून आणि मानधन भरून या कलमाखाली कव्हर रेकॉर्ड करता येतं. वेष्टनावर कव्हर असल्याचं छापावं लागतं. गंमत म्हणजे मालकानं आधी मान्य केलेले किंवा तांत्रिक गरजेचे सोडून शब्दांत-चालीत बदल करायला तिथं मुभा नाही. म्हणजे कायद्याचं कव्हर 'उतरवलेल्या'च्या जास्त जवळ.

रंकाळावेस
मग पोस्टरला 'नव्यानं बसवलेली जुनी गाणी' छापतो, खाली गीतकार-संगीतकार-मूळ गायकांची नावं. बोलताना 'कव्हर' राहू दे, ते कव्हर, ती कव्हरं, मराठीत आरामात चालतं. आता पोरं म्हणतायत पुढचा कार्यक्रम 'अनप्लग्ड', म्हणजे विजेच्या वाद्यांविना. दोन कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेऊन!

काळीचार
त्यांना म्हणावं, एक्स्टेन्शन बोर्ड तेवढा मोठा आणा.